आम्ही पिकवलेली गाजरं

माझ्या धाकट्या दिरांना चाळिशीत मातीची ओढ लागली. बाकीच्यांना त्या वयात चष्मा लागतो.

तोवर ते न्हाणीघराच्या फरशा विकायचे, आणि फार छान विकायचे. त्यांच्याशी जरा वेळ बोललं की आपण आजवर केलेल्या सगळ्या आंघोळी वाया गेल्या असं माणसाला वाटायला लागायचं. कंपनीने त्यांना गाडी दिली होती, भिंतीवर लावायला दोन-तीन मानपत्रंही दिली होती. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी ते कामावर गेले आणि जेवायच्या वेळेला राजीनामा देऊन परत आले.

"मला आतून आवाज आला," ते म्हणाले.

"सकाळी काही खाऊन गेला नव्हतास का?" सासूबाईंनी विचारलं.

आवाज पोटातून नव्हता, मातीतून होता. शहराबाहेर, गोदामांच्या मागे त्यांनी जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला. तिथे आधी काय केलं, तर एक लाकडी बाक ठेवला, झाडाला झोका टांगला आणि 'माझी माती' अशी पाटी लावली. बी पेरायचं राहिलं होतं, पण ते काय, कधीही पेरता येतं. माझी धाकटी जाऊ शाळेत शिकवते. आता घरात तिचा एकटीचाच पगार येणार होता. तिने या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं असं भाऊजी सगळ्यांना सांगत होते. ती स्वतः काही बोलली नाही. फक्त त्या आठवड्यात तिने घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून घेतली.

काही महिन्यांनी भाऊजींचा फोन आला. आवाज असा, की मूल झालंय.

"वहिनी, टोमॅटो आले! शनिवारी सगळ्यांनी बाजारात यायचं. गर्दी दिसली की गर्दी होते."

हा बाजार म्हणजे आपला नेहमीचा बाजार नव्हे. तो दर शनिवारी सकाळी शहरातल्या मोठ्या उद्यानात भरतो, बंद पडलेल्या कारंज्याभोवती. फाटकावरच पाटी आहे : 'येथे विकणारा स्वतः पिकवतो.' दलाल नाही, घाऊक माल नाही, दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवणं तर नाहीच नाही. पाववाली स्वतः पाव भाजते. चीजवाला स्वतः गाईंचं दूध काढतो म्हणे. मधवाला स्वतः मध करतो. म्हणजे करतात माश्याच, पण नियमात तेवढी सूट आहे.

मी पडदे शिवते. माझं दुकान आहे, आणि शनिवार हा माझा मापं घ्यायला जायचा दिवस. तरी गेले. सासूबाई, मी, आमचे हे, असे सगळे गर्दी व्हायला गेलो.

आणि काय सांगू, माणसं बघायला तरी जावं तिथे. कुणी भाव विचारत नाही. भाव विचारला की आपण नुसती भाजी घ्यायला आलोय असं दिसतं. एक गृहस्थ पालकाच्या जुडीत नाक खुपसून डोळे मिटून उभे होते आणि मागची रांग त्यांचं आटोपायची वाट बघत होती. एका बाईने मुळ्याला विचारावं तसं मुळेवाल्याला विचारलं, "याला कसं वाटतं इथे?" लोक चिखल लागलेली भाजी शोधून शोधून घेत होते. तोच चिखल आमच्या घरी भाजीला दिसला असता तर सासूबाईंनी भाजीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

या सगळ्यावर देखरेख करायला अध्यक्षबाई होत्या. पूर्वी त्यांची सहलींची कंपनी होती. कंपनी बंद झाली, पण हातातली छोटी झेंडी काही सुटली नाही. ती उंच धरून त्या नव्या गिऱ्हाइकांना बाजार दाखवायच्या. "आता आपण मुळ्यांकडे जाऊ. डावीकडे दिसताहेत ते कांदे. आणि हे आमचे नवे शेतकरी!"

नवे शेतकरी गवती टोपी घालून उभे होते. पायात चिखलाने माखलेले बूट. बुटाचा चिखल इतका नीट बसला होता, की वहाणांच्या दुकानात तसाच मिळत असावा. समोर टोमॅटो, काकड्या, गाजरं, कोबी. टोमॅटो तर असे गोल आणि लाल, की एकेकाला काजळाचं बोट लावावं. भाऊजी बोलत होते आणि लोक ऐकत होते.

"मी फक्त निमित्त आहे हो. पिकवते ती माती."

हे मात्र, नंतर कळलं त्याप्रमाणे, अर्धं खरं होतं. ते निमित्तही नव्हते.

ठरल्याप्रमाणे सासूबाई गिऱ्हाईक बनून पुढे गेल्या आणि सगळ्या उद्यानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगबाई! माझ्या लहानपणी शेतावर असे टोमॅटो असायचे!" सासूबाईंचं लहानपण छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत गेलं. त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं शेत म्हणजे कॅलेंडरवरचं.

शेजारच्या टेबलावर बटाटेबाई होत्या. त्यांना सगळा बाजार बटाटेबाईच म्हणायचा, अर्थात मागून. पूर्वी वकिली करायच्या. अशिलांना कंटाळून शेतीत आल्या, तर इथे गिऱ्हाईक भेटलं. त्यांचे बटाटे वाकडे, खड्ड्याखड्ड्यांचे, एक लिंबाएवढा तर एक बुटाएवढा. कुणी हातात घेऊन निवडायला लागलं की त्या म्हणायच्या, "लग्न करायचंय का त्याच्याशी? घ्या नाहीतर ठेवा." लोक ठेवायचे आणि आमच्या भाऊजींकडे यायचे. बटाटेबाई सगळा वेळ आमच्या टोमॅटोंकडे बघत होत्या. खुनाच्या जागेवर पोलीस बघतात तसं.

शेतीचं गुपित फुटलं ते भाऊजींच्या न्हाणीघरात.

आमचे हे दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात, त्यामुळे घराण्यात जे जे बिघडेल ते ते ह्यांच्याकडे येतं. एका संध्याकाळी जाऊबाईचा फोन आला, मोरी तुंबलीय, पाणी बाहेर आलंय. आम्ही दोघं गेलो. ह्यांनी जाळी काढली, तार घातली, आणि आतून ओंजळभर माती निघाली. मग आणखी ओंजळभर. मग कोबीचं एक पान.

हे गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी पान उजेडात धरलं, मग भाऊजींकडे पाहिलं.

"तू न्हाणीघरात शेती करतोस?"

जाऊबाई दाराला टेकून उभी होती. ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

"सांगा ना," ती म्हणाली. "सांगा तुमच्या दादाला. ताई, यांच्या शेतात काही उगवत नाही. एक पान नाही उगवत! जे उगवलं ते गोगलगायींनी खाल्लं. हे उजाडायच्या आत मोठ्या भाजीबाजारात जातात, तिथून माल आणतात. तिथला माल धुतलेला असतो, म्हणून घरी आणून टबात बसून त्याला माती चोळतात. एकेका गाजराला! मुलांना इतक्या मायेने कधी आंघोळ घातली नाही यांनी, आणि गाजरांना माती लावतायत."

"माती आपल्याच शेतातली आहे," भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

तेवढंच काय ते स्वतःचं.

आता इथे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं, की हे बंद कर. कुणी सांगितलं नाही. कारण आमच्या घराला भाऊजींना पडू द्यायची सवयच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. त्यांचा विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी ह्यांनी केला, निबंध मी लिहिले, आणि परीक्षेच्या दिवशी ताप आल्याच्या चिठ्ठ्या सासूबाईंनी दिल्या. ज्वालामुखीला बक्षीस मिळालं होतं. घरी येताना भाऊजींचा चेहरा उतरलेला होता, ते तेव्हा मला समजलं नव्हतं. मला वाटलं, दमलाय पोरगा.

तर मोरी मोकळी झाली, आम्ही हात धुतले आणि घरी आलो. बाजार चालू राहिला. अध्यक्षबाईंनी उद्यानाच्या फाटकावर भाऊजींचं मोठं छायाचित्र लावलं, हातात कोबी धरलेलं, कोबीकडे पोटच्या पोरासारखं बघणारं.

मग समितीच्या बैठकीत बटाटेबाई उभ्या राहिल्या. भाऊजींनीच आम्हाला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "यांचे सगळे टोमॅटो एका मापाचे कसे? माझे दोन बटाटे एकमेकांना ओळख देत नाहीत. मला यांचं शेत बघायचंय."

अध्यक्षबाईंना त्यात संशय दिसलाच नाही, सहल दिसली. त्यांनी लगेच बस ठरवली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना घेऊन शेतभेट! आणि पहिला मान अर्थातच आमच्या लाडक्या नव्या शेतकऱ्याचा.

भाऊजी आमच्याकडे आले ते पांढरे फटक पडून.

"वहिनी, फक्त एक दिवस. एका दिवसाचा प्रश्न आहे. एक दिवस शेत शेतासारखं दिसलं पाहिजे."

"आजारी पड," हे म्हणाले.

"शेत आजारी पडत नाही ना."

सासूबाई इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. आम्हाला वाटलं झोप लागली. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? माल विकत आणा आणि लावा. घरात फुलदाणीत फुलं लावतोच ना आपण? तिथे उगवलीत असं थोडंच कुणाला वाटतं, पण छान दिसतात."

शेतभेटीच्या आदल्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. जाऊबाईने शाळेत रजा टाकली. टेम्पोभर भाजी घेऊन आम्ही 'माझ्या माती'त उतरलो. शेत म्हणाल तर गवत, वाळलेल्या काटक्या आणि जिकडे तिकडे चकाकणाऱ्या गोगलगायींच्या वाटा. बाक आणि झोका मात्र उत्तम स्थितीत होते.

मग आम्ही पीक लावलं. सरळ पिकापासूनच सुरुवात, मधलं सगळं गाळून. हे यंत्रं उघडायच्या लांब पेचकसाने जमिनीत भोकं पाडत होते आणि जाऊबाई त्यात पाल्यासकट गाजरं खुपसत होती. मग वरून माती दाबायची आणि पाणी घालायचं. कोबीचे गड्डे ओळीने मांडून त्यांच्या भोवती पानं पसरली. काकड्यांसाठी वेल नव्हता, तेव्हा कुंपणावरच्या कसल्याशा रानवेलाला ते पद दिलं. आणि टोमॅटो माझ्याकडे आले.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. वाळक्या रोपांना हिरवे कापडी पट्टे गुंडाळले, पडद्यांचा पक्का हिरवा दोरा घेतला आणि एकेक टोमॅटो असा टाचला, की दोन पावलांवरून टाका दिसू नये. कुठे तीन, कुठे एक, कुठे पानाआड अर्धा लपलेला. एखादा कच्चा हिरवाही मध्ये घातला. मी मागे सरून पाहिलं तर खरंच वाटायला लागलं, की काय पीक आलंय यंदा! भाऊजी बाजूला उभे राहून बघत होते.

"वहिनी, खऱ्या झाडाला असेच लागतात का?"

"खऱ्या झाडाला तुम्ही कधी बघितलेत?"

"नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा होता. मी लक्ष दिलं नाही, माझी सुई हरवली होती.

सासूबाईंनाही काहीतरी काम हवं होतं. गाजरांच्या शेवटच्या ओळीवर त्यांना बसवलं.

दुसऱ्या दिवशी बस आली. झेंडी खाली उतरली, तिच्यामागून अध्यक्षबाई, त्यांच्यामागून टोप्या, गॉगल्स आणि कापडी पिशव्या. पालकाचा वास घेणारे गृहस्थ होते. सगळ्यांत शेवटी, बसमध्ये कुणाशी एक शब्द न बोललेल्या बटाटेबाई उतरल्या.

"इथे शांत राहायचंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मातीला ऐकू येतं."

येत असेल तर तिने आदल्या दिवशी बरंच काही ऐकलं होतं.

सुरुवात झकास झाली. भाऊजी पुढे चालत होते आणि बोलत होते. बाकावर बसून लोकांनी छायाचित्रं काढली, झोक्यावर बसून काढली. माझ्या टोमॅटोंसमोर तर सगळे थबकले. एक बाई म्हणाली, "बाजारात मिळतात त्यांच्यापेक्षा कित्ती जिवंत वाटतात!" मी मान खाली घातली. कौतुक ऐकून लाजावं, की ते कशाचं आहे हे आठवून, एवढंच ठरत नव्हतं. वासवाल्या गृहस्थांनी एका टोमॅटोला नाक लावलं आणि डोळे मिटले. ते नाक टाक्याला लागू नये म्हणून मी श्वास रोखून उभी.

बटाटेबाईंनी काही विचारलं नाही. त्या सगळ्यांच्या मागे हात बांधून चालत होत्या आणि रानवेलाला लटकलेल्या काकडीपाशी जरा जास्त वेळ थांबल्या. काकडीनेही त्यांची नजर चुकवली असं मला वाटलं.

मग अध्यक्षबाईंना लहर आली. "मला एक गाजर उपटून खायचंय. इथेच. मातीतून सरळ!"

त्या वाकल्या. गाजर चटकन बाहेर आलं, जरा जास्तच चटकन. रुमालाने पुसून त्यांनी कडाकडा चावलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ही चव," त्या म्हणाल्या. "ही चव दुकानात मिळत नाही."

ती चव मोठ्या भाजीबाजारात, मागच्या फाटकाशी, तिसऱ्या गाळ्यावर मिळते. पण असे एकेक गाजरपारखी जमले की कोण काय बोलणार? लगेच सगळ्यांना गाजर उपटायचं होतं. वाफ्यात झुंबड उडाली. भाऊजी ओरडत होते, "सावकाश, सावकाश, मुळं दुखावतात!"

बटाटेबाई गर्दीत शिरल्या नाहीत. त्या एकट्या शेवटच्या ओळीकडे गेल्या, सासूबाईंच्या ओळीकडे. खाली बसल्या. पाल्याला हात घालून ओढलं, आणि जमिनीतून गाजरांची एक अख्खी जुडी वर आली. एकदम. वरच्या रबरबँडसकट.

त्यांनी ती हात उंचावून धरली. आरडाओरडा नाही, काही नाही. नुसती धरली. एकेक करून सगळ्या माना तिकडे वळल्या.

"जुळी आहेत का?" वासवाले गृहस्थ आशेने म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या. या वयातही त्यांच्या बुद्धीला गंज नाही.

"रबर होय?" त्या म्हणाल्या. "रबर आम्ही नाही पिकवत. ते बाहेरून आणतो."

मी डोळे मिटून घेतले. हे आभाळाकडे बघायला लागले. आता भाऊजी काहीतरी सांगतील, मला ठाऊक होतं. जुडीने उगवणारी नवी जात, वाऱ्याने पडू नयेत म्हणून बांधलेली गाजरं, असलं काहीही. आणि ते लोक ऐकणार होते, मान डोलावणार होते, दोघं-तिघं तर रबरासकट विकत घेणार होते. भाऊजींनी तोंड उघडलं. टोपी काढून हातात घेतली.

"गाजरं पण," ते म्हणाले.

"काय?" अध्यक्षबाई.

"गाजरं पण बाहेरून आणतो. कोबी पण. सगळंच. मला काहीही पिकवता येत नाही." मग टोमॅटोंकडे बोट दाखवून म्हणाले, "ते वहिनींनी शिवलेत."

मला मध्ये घ्यायची काही एक गरज नव्हती. पण बोलायला लागले की भाऊजींना थांबता येत नाही.

अध्यक्षबाईंच्या तोंडात गाजर होतं. ते गिळावं की थुंकावं हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. जिवंत टोमॅटोवाली बाई जवळ जाऊन टाका बघून आली आणि मला हळूच म्हणाली, "तुम्ही पडद्यांची कामं घेता का?" वासवाले गृहस्थ मात्र चिडले. भाऊजींवर नाही, बटाटेबाईंवर. "तुम्हाला काय मिळालं हे करून? छान चाललं होतं!"

"निघू या," अध्यक्षबाईंनी अखेर घास गिळला आणि झेंडी वर केली. "आता आपण बसकडे जाऊ."

बस गेली. आम्ही सगळे बाकावर बसलो. मला वाटलं होतं भाऊजी रडतील. ते टेकून बसले, पाय लांब केले, आणि म्हणाले, "वहिनी, मला प्रचंड भूक लागलीय." गाजरांना काही तोटा नव्हता.

समितीने दुसऱ्याच दिवशी त्यांचं टेबल काढून घेतलं. बाहेर सांगताना मात्र 'शेतकरी सध्या विश्रांती घेत आहेत' असं सांगितलं. सत्य सांगून बाजाराचं नाव कोण खराब करेल? फाटकावरचं छायाचित्र उतरवलं आणि तिथे चीजवाल्याचं लावलं. चीजवाल्याकडे शेतभेट न्यायचं पुढे कुणी नावही काढलं नाही.

भाऊजी काही दिवस घरीच बसले. फरशांच्या कंपनीने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला होता, आणि तोही बरा बोलायचा. मग एका दुपारी ते माझ्या दुकानात आले.

"वहिनी, माझ्याबरोबर बटाटेबाईंकडे याल?"

"कशाला? माफी मागायला?"

"काम मागायला."

मी मशीन थांबवलं. त्यांच्याकडे नीट पाहिलं. आतून पुन्हा आवाज वगैरे आलेला दिसत नव्हता. चेहरा साधा होता, जरा घाबरलेला.

बटाटेबाईंचं शेत लांब होतं, शेवटच्या बसथांब्यापासून आणखी चालत, टेकडीवर. तिथे बाक नव्हता, पाटी तर नव्हतीच. बाई फावडं घेऊन सरीत उभ्या होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या नाहीत.

"रबरबँड संपले का?" त्या म्हणाल्या.

"मला काम हवंय," भाऊजी म्हणाले.

"मला माणूस नकोय. मला शांतता हवीय."

"मागच्या शनिवारी अर्धे बटाटे तुम्ही परत आणलेत. मी लांबून बघत होतो. तुम्ही गिऱ्हाइकांवर खेकसता."

"गिऱ्हाईक त्याच लायकीचं आहे."

"आहे," भाऊजी म्हणाले. "पण ते मला आवडतं."

बाईंचं फावडं थांबलं. मी उगाच बटाट्याच्या पाल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते फावडं आमच्या अंगावर येतंय.

"बाजाराचा नियम माहितेय ना?" त्या म्हणाल्या. "पिकवेल तो विकेल. तुम्हाला टेबलामागे उभं राहायचं असेल तर लावणीपासून काढणीपर्यंत इथे राबावं लागेल. एक दिवस चुकवलात तर या टेकडीवरून खाली ढकलून देईन. आणि माझ्याशी बोलायचं नाही."

शेवटची अट भाऊजींना सगळ्यांत जड गेली.

तो हंगाम मी कधी विसरणार नाही, कारण रोज संध्याकाळी जाऊबाईचा फोन यायचा. आज हातांना फोड आले. आज कंबर धरली. आज फावडं बुटावर मारून घेतलं. आज बाईंनी एवढं झापलं, की जेवले नाहीत. सासूबाईंचा जीव तुटायचा. त्यांनी एकदा ह्यांना सांगितलं, "तू जरा जा ना, त्याच्या चार सऱ्या काढून दे." हे उठलेसुद्धा, सवयीने. चपला घातल्या, दारापर्यंत गेले, मग परत येऊन बसले.

"नको," एवढंच म्हणाले.

सासूबाई दिवसभर आमच्याशी बोलल्या नाहीत. घरात इतकी शांतता फार दिवसांनी लाभली होती.

काढणी झाल्यावर अध्यक्षबाईंपुढे पेच पडला. बटाटेबाई भाऊजींना टेबलावर उभं करणार होत्या आणि नियमात बसत होतं. समितीत म्हणे बरीच चर्चा झाली. अशा माणसाला परत घेतलं तर बाजाराच्या पावित्र्याचं काय? बटाटेबाईंनी शांतपणे विचारलं, की मग आपण सगळ्यांचीच शेतं बघू या का, ओळीने? भाऊजींना परत घ्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला. चीजवाल्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

त्या शनिवारी मी आणि सासूबाई गेलो. या वेळी कुणी गर्दी व्हायला बोलावलं नव्हतं. भाऊजी वाळून काळे झाले होते, टोपी नव्हती, नखांत माती होती ती बसली होती तशीच, कुणी चोळून बसवलेली नव्हती. समोर तेच वाकडेतिकडे बटाटे. बटाटेबाई मागे स्टुलावर पाठ करून बसल्या होत्या, गिऱ्हाईक दिसू नये म्हणून.

वासवाले गृहस्थ आले. त्यांनी एक बटाटा उचलला.

"हा असा का?"

"दगडाला अडला," भाऊजी म्हणाले.

"आणि हा कापलेला?"

"तो माझ्या फावड्याने. असे बरेच आहेत. आधी ते संपवतोय."

"चव कशी आहे?"

"बटाट्यासारखी."

गृहस्थांची जराशी निराशा झाली. मातीच्या आत्म्याबद्दल वगैरे काही ऐकायला मिळेल म्हणून ते थोडं थांबले. मग त्यांनी पिशवी उघडली. त्यांच्यामागे आणखी दोघं उभी राहिली.

मी कापलेलेच घेतले. ते वजन करताना भाऊजी सांगत होते, की यंदा पाऊस लांबला म्हणून बारीक राहिले, खालच्या सरीत पाणी साचलं, तिथले सडले, बाईंचं ऐकून आधीच चर काढला असता तर वाचले असते. इतकं कंटाळवाणं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सासूबाई डोळे विस्फारून ऐकत होत्या. त्यांना वाटलं, पोराला बरं नाहीये. डब्यात आणलेलं काहीतरी त्यांनी तिथेच भाऊजींच्या तोंडापुढे धरलं, तर भाऊजींनी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला.

"नंतर खातो, आई."

"ओ!" मागून बटाटेबाई पाठ न वळवता ओरडल्या. "आईशी काय बोलताय? रांग लागलीय इकडे!"

भाऊजींनी तोंड पुसलं आणि पुढच्या बाईंना म्हणाले, "बोला. मोठे हवेत की बारीक? चांगले कुठलेच नाहीत, पण सगळे आमचे आहेत."